सिस्टर उत्तीर्ण, पण रांगेत

अमेरिकेच्या श्रम खात्याकडे ‘शेड्यूल ए’ नावाची एक छोटी यादी आहे. परदेशी माणसाला कायमची नोकरी देऊ पाहणाऱ्या मालकाला एरवी तिथे जाहिरात द्यावी लागते, लायक स्थानिक उमेदवार मिळाला नाही हे दाखवावं लागतं, आणि श्रम खात्याचा दाखला हातात पडल्यावरच पुढचा अर्ज करता येतो. यादीतल्या पेशांना या उठाठेवीतून सूट आहे, कारण त्यांचा तुटवडा सरकारने आधीच मान्य केलेला आहे. यादीच्या पहिल्या गटात पेशे दोनच आहेत: फिजिओथेरपिस्ट आणि परिचारिका. डॉक्टरांचं नाव तिथे नाही, संगणक अभियंत्यांचंही नाही.

‘तुमची आम्हाला गरज आहे’ असं अमेरिकेने ज्यांना लेखी दिलंय, त्यांत नर्स येते ती अशी. आणि तरीही मिरजेत किंवा नाशकात शिकलेल्या, अमेरिकेची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेल्या, तिथल्या इस्पितळाचं नियुक्तिपत्र हाती असलेल्या सिस्टरला विमानात बसायला दहा वर्षांहून अधिक काळ थांबावं लागू शकतं. मनिलात जन्मलेली, तेवढीच शिकलेली परिचारिका तिच्या कितीतरी आधी तिथे ड्युटीवर हजर होते.

याचं कारण असं की परवाना देणारे वेगळे आणि देशात घेणारे वेगळे. कोणी कुठला पेशा करावा हे ठरवण्याचा अधिकार तिथे राज्यांकडे आहे, त्यामुळे प्रत्येक राज्याचं स्वतःचं नर्सिंग बोर्ड. देशात कोण येणार हे मात्र वॉशिंग्टनचं केंद्र सरकार ठरवतं. बोर्ड तुमचं काम जोखतं. केंद्र सरकारची रांग तुमचं जन्मस्थान विचारते. आपल्याकडच्या कोचिंग क्लासच्या फलकांवर या दोन्ही गोष्टी एका दमात येतात, ‘परीक्षा पास करा, अमेरिकेला चला’, आणि बहुतेकींचा घोटाळा तिथेच होतो.

आधी परवान्याचं पाहू. राज्या-राज्यांच्या अटी सारख्या नाहीत. कॅलिफोर्नियाचं बोर्ड अर्जदाराकडे अमेरिकेतला सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा करदात्याचा क्रमांक मागतं, आणि अजून भारतातच असलेल्या मुलीकडे तो कुठून असणार? न्यूयॉर्क असा हट्ट धरत नाही. म्हणून ज्यांनी न्यूयॉर्क शहर चित्रपटातसुद्धा धड पाहिलेलं नाही अशा असंख्य परदेशी परिचारिकांची पहिली नोंद न्यूयॉर्कच्या दप्तरी असते. एका राज्याचा परवाना मिळाला की दुसऱ्या राज्यात त्याच्या आधारावर, पुन्हा परीक्षा न देता परवाना मागता येतो. एका परवान्यावर अनेक राज्यांत काम करू देणारा राज्यांचा आपसातला करारही आहे, चाळीसहून अधिक राज्यं त्यात आहेत. पण न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया ही दोन्ही त्यात नाहीत.

बोर्ड पहिल्यांदा पाहतं ते शिक्षण. प्रौढांची शुश्रूषा, बाळंतीण आणि नवजात बाळ, बालरोग, मानसोपचार या प्रत्येक विषयात वर्गातले तास किती आणि वॉर्डातले तास किती, असा हिशेब लागतो. आपल्याकडचं जीएनएम असो की चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, हे विषय दोन्हींत आहेत. अडचण येते ती कागद पोहोचवण्यात. मार्कलिस्ट आणि ट्रान्स्क्रिप्ट कॉलेजने थेट पाठवायचे आणि नोंदणीची पडताळणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलने थेट पाठवायची. अर्जदाराने स्वतः पाकीट नेऊन दिलेलं चालत नाही, कारण खोट्या पदव्यांचा अनुभव जगभरच्या बोर्डांनी घेतलेला आहे. नियम रास्तच आहे. पण कॉलेज मधल्या काळात बंद पडलं असेल किंवा तिथल्या कारकुनाला ‘क्लिनिकल तास’ हा रकाना भरायचा कसा हे ठाऊक नसेल, तर त्या रास्त नियमापायी महिनेच्या महिने जातात.

मराठी मुलींच्या बाबतीत यात नावाचं एक खास प्रकरण आहे. दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. कॉलेजच्या कागदांवर कधी हा क्रम, कधी उलटा. लग्नानंतर वडिलांच्या जागी नवरा येतो, माहेरच्या आडनावाच्या जागी सासरचं, आणि काही घरांत तांदळाच्या ताटात नवीन नाव लिहून पहिलं नावही बदलतात. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, आणि आधार कार्डावर तिसरंच काहीतरी. एका परक्या देशातल्या तपासनिसाला या तीन वेगळ्या बाया वाटल्या तर त्याला दोष कसा द्यायचा? परीक्षेच्या प्रवेशपत्रावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळलं नाही तर केंद्राच्या दारातून परत पाठवतात आणि फी बुडते. विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नाव बदलाची नोंद, कौन्सिलकडे नाव दुरुस्ती ही कामं परीक्षेच्या अभ्यासाला बसण्याआधी उरकावीत. माझ्या मते तयारीचा हा भाग औषधांच्या यादीइतकाच महत्त्वाचा आहे, आणि क्लासात तो कोणी शिकवत नाही.

आता परीक्षा. तिचं नाव एनक्लेक्स. अमेरिकेत शिकलेल्या मुलीलाही तीच द्यावी लागते, परदेशी मुलीसाठी वेगळी कठीण किंवा सोपी परीक्षा नाही. या सगळ्या व्यवस्थेतली मला सर्वांत सरळ वाटणारी गोष्ट हीच. १९९४ पासून ती संगणकावर होते. पूर्वी ती फक्त अमेरिकेच्या हद्दीत होत असे आणि फिलिपाइन्सच्या परिचारिका त्यासाठी पॅसिफिकमधल्या सायपान किंवा ग्वामला विमानाने जात. २००५ पासून परदेशातही केंद्रं सुरू झाली. भारतातल्या केंद्रांत आता मुंबईही आहे. फी २०० डॉलर, आणि अमेरिकेबाहेर बसायचं तर वर १५० डॉलर.

या परीक्षेत किती गुण मिळाले हे कधीच कळत नाही. पास किंवा नापास, एवढंच. प्रत्येकीला येणारे प्रश्नही वेगळे. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद नव्या पोराला आधी एका जोडीदाराशी लढवतो. पोराने त्याला चीत केलं की जरा भारी जोड देतो, हरलं की जरा हलका. चार-सहा कुस्त्यांत पोरगं कुठल्या तोलाचं आहे हे वस्तादाला कळतं. एनक्लेक्सचा संगणक नेमकं हेच करतो. बरोबर उत्तर दिलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. निदान ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. उमेदवार किमान पातळीच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री पटली की यंत्र थांबतं. त्यामुळे ८५ प्रश्नांवर पडदा बंद झाला म्हणून हर्षवायू होण्याचं किंवा रडण्याचं कारण नाही. चांगल्याही तिथेच थांबतात आणि कच्च्याही. बाहेर येऊन ‘पेपर फार जड गेला’ म्हणणारी बऱ्याचदा पास झालेली असते, कारण यंत्र तिला शेवटपर्यंत तिच्या ताकदीच्या काठावरचेच प्रश्न देत होतं. नापास झालेलीला ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं.

आपल्या मुलींना जड जातं ते प्रश्नांचं वळण. आपली विद्यापीठाची परीक्षा ‘न्यूमोनियाची लक्षणे लिहा’ असं विचारते. एनक्लेक्स साधारण असं विचारते: तुमच्याकडे चार रुग्ण आहेत. एकाचं पोटाचं ऑपरेशन दोन दिवसांपूर्वी झालंय आणि त्याला बऱ्यापैकी दुखतंय. दुसऱ्याला अर्ध्या तासापूर्वी इन्सुलिन दिलंय, नाश्ता अजून आलेला नाही, त्याला घाम फुटलाय आणि तो असंबद्ध बोलतोय. तिसरा घरी जायला निघालाय आणि कागदांसाठी ओरडतोय. चौथ्याला प्लास्टरच्या आत खाज सुटलीय. आधी कोणाकडे जाल? उत्तर दुसरा, त्याची साखर घसरतेय. हे उत्तर वॉर्डात दोन वर्षं काढलेल्या कुठल्याही सिस्टरला येतं. पुढचा प्रश्न मात्र अडवतो. यांतलं कुठलं काम मदतनिसाला सांगता येईल आणि कुठलं तुम्ही स्वतःच करायला हवं? किंवा, डॉक्टरांनी लिहिलेला डोस तुम्हाला जास्त वाटतोय, तर काय कराल? आपल्या वॉर्डात अंघोळ आणि भरवणं नातेवाईक करतात, आणि डॉक्टरांना ‘हा डोस चुकलाय’ असं तोंडावर म्हणणारी सिस्टर विरळाच. तिथे ती तसं म्हणाली नाही तर तिचा परवाना धोक्यात येतो. एप्रिल २०२३ पासून परीक्षेत एकाच रुग्णाची हकिगत टप्प्याटप्प्याने उलगडणारे प्रश्नही आले, प्रत्येक हकिगतीवर सहा. रुग्णाच्या तब्येतीतली कुठली खूण महत्त्वाची, तिचा अर्थ काय, आता काय करायचं, आणि केलं त्याचा उपयोग झाला का, असा त्यांचा क्रम असतो. घोकंपट्टीला इथे वाव नाही.

परवान्याची बाजू एवढ्यावर संपते असं वाटत असतानाच केंद्र सरकार तेच सगळं पुन्हा एकदा तपासायला सांगतं. त्याचं नाव व्हिसास्क्रीन, आणि त्यामागे थोडा इतिहास आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आशियातून आलेल्या परिचारिका मोठ्या संख्येने राज्यांच्या परीक्षेत नापास होत होत्या. घरदार सोडून आलेल्या या बाया मग परवान्याविना, कमी पगारावर, मदतनीस म्हणून राबत. निघण्यापूर्वीच त्यांचा अंदाज घ्यावा म्हणून १९७७ मध्ये फिलाडेल्फियात सीजीएफएनएस ही संस्था स्थापन झाली, २०२५ पासून ती ट्रूमेरिट या नावाने ओळखली जाते. १९९६ च्या स्थलांतरविषयक कायद्याने तिच्याकडे नवं काम आलं. परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, प्रयोगशाळा तंत्रज्ञ अशा काही पेशांना व्हिसासाठी एक प्रमाणपत्र सक्तीचं झालं. शिक्षण अमेरिकेच्या तोडीचं आहे, मूळ देशातला परवाना निष्कलंक आहे, इंग्रजी येतं आणि एनक्लेक्स किंवा संस्थेची स्वतःची पात्रता परीक्षा पार केली आहे, या गोष्टींची ती साक्ष.

इंग्रजीसाठी आयईएलटीएस दिली तर परिचारिकेला एकूण ६.५ आणि बोलण्यात ७ लागतात. लिहिण्यावाचण्यात बऱ्या असलेल्या मुली बोलण्याच्या त्या ७ पाशी अडकतात. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आयर्लंडमध्ये इंग्रजीतून शिकलेल्यांना ही परीक्षा माफ आहे. आपल्याकडे सगळं नर्सिंग इंग्रजी पुस्तकांतून शिकवतात, तरी भारताला माफी नाही. वर्गात पुस्तक इंग्रजी आणि समजावणं मराठी-हिंदीत, हे वास्तव पाहता मला तो नियम अगदीच अन्यायाचा म्हणवत नाही.

आता दुसरं दार, देशात शिरण्याचं. परिचारिकेसाठी वेगळा तात्पुरता व्हिसा अमेरिकेने दोनदा काढून पाहिला. १९८९ च्या कायद्याने आलेला एच-१ए १९९५ मध्ये संपला. १९९९ च्या कायद्याने आलेला एच-१सी टंचाईच्या भागातल्या मोजक्या इस्पितळांपुरता होता, वर्षाला ५०० जणींना, आणि तोही २००९ मध्ये बंद झाला. अभियंत्यांचा एच-१बी साध्या वॉर्डातल्या नर्सला सहसा मिळत नाही, कारण त्याला पदवी ही किमान पात्रता असलेली नोकरी लागते आणि अमेरिकेत दोन वर्षांच्या अभ्यासक्रमावरही नोंदणीकृत परिचारिका होता येतं. उरलं ग्रीन कार्ड. नोकरीवर आधारित तिसऱ्या श्रेणीत, ईबी-३ मध्ये, थेट कायमच्या वास्तव्याचा अर्ज.

इथे आकडे आडवे येतात. १९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,०००. त्यांतली सुमारे ४०,००० ईबी-३ ची, आणि कामगाराचे नवरा-बायको व मुलंही याच संख्येत मोजायची. शिवाय एका देशात जन्मलेल्यांना एकूण वाट्याच्या ७ टक्क्यांहून अधिक नाहीत. एकशे चाळीस कोटींचा भारत आणि काही लाखांचा आइसलँड, दोघांची मर्यादा तीच. ईबी-३ मध्ये भारतीय संगणक अभियंते आधीच लाखांनी उभे आहेत, आणि सिस्टरला त्यांच्याच मागे उभं राहावं लागतं. शेड्यूल ए ची सूट जाहिरातीपासून आहे, रांगेपासून नाही. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. कोणत्या तारखेपर्यंत अर्ज केलेल्यांचा नंबर लागलाय हे त्यात असतं. २०२५ मध्ये भारताच्या ईबी-३ समोर २०१२-१३ मधल्या तारखा दिसत होत्या. रांग नेहमी पुढेच जाते असंही नाही. मागणी वाढली की तारीख मागे ढकलतात, आणि २०२३ मध्ये हा फटका फिलिपाइन्सलाही बसला.

जन्मस्थानाचा हा नियम कधी विनोदी वाटावा इतका अक्षरशः पाळतात. नागरिकत्व कुठलं ते विचारत नाहीत, जन्म कुठे झाला ते विचारतात. वडील कुवेत किंवा मस्कतला नोकरीला असताना तिथे जन्मलेली, बाकी सगळं आयुष्य पुण्यात काढलेली नर्स भारताच्या रांगेत उभी राहतच नाही. नवरा दुसऱ्या देशात जन्मलेला असेल तर त्याच्या देशाच्या रांगेत तिला सरकता येतं. उलट ब्रिटनचं नागरिकत्व घेतलेली, पण सांगलीत जन्मलेली नर्स भारताच्याच रांगेत.

रांगेतल्या या दहाहून अधिक वर्षांत कागद शिळे होतात. इंग्रजीचे गुण दोन वर्षांत बाद, व्हिसास्क्रीन पाच वर्षांत, पासपोर्ट दहा वर्षांत. अर्ज केला तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी एकवीस ओलांडते, मग ती आईच्या अर्जावर जाऊ शकत नाही. २००२ च्या एका कायद्याने सरकारी दिरंगाईचे काही दिवस वयातून वजा होतात, पण रांगेत गेलेली वर्षं नाहीत. अमेरिकेच्या संसदेने २००५ मध्ये जुनी न वापरलेली ५०,००० व्हिसा शेड्यूल ए च्या पेशांसाठी खुली केली होती. ती एक-दोन वर्षांतच संपली आणि पुन्हा तसं काही झालेलं नाही.

पोहोचल्यावरचा करार हा वेगळाच विषय आहे. भरती करणारी कंपनी सहसा दोन-तीन वर्षांचा बाँड लिहून घेते. २००६ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या एका नर्सिंग होममधून दहा फिलिपिनो परिचारिकांनी एकदम राजीनामे दिले, तेव्हा रुग्णांना धोक्यात घातल्याबद्दल त्यांच्यावर चक्क फौजदारी खटला भरला गेला. २००९ मध्ये अपील न्यायालयाने तो थांबवला. नोकरी सोडण्याबद्दल शिक्षा म्हणजे गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचा भंग, असं त्याचं म्हणणं पडलं. २०१९ मध्ये ब्रुकलिनच्या फेडरल न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात नोकरी सोडल्यास २५,००० डॉलर भरण्याचं कलम बेकायदा ठरवलं. बाँडवर सही करण्याआधी हे दोन निकाल माहीत असलेले बरे.

एवढी लांब रांग असल्यावर मराठी मुली अन्य देशांकडे वळणार हे ओघाने आलं. ब्रिटनमध्ये देशनिहाय कोटा नाही. परवाना एनएमसी ही तिथली नर्सिंगची नियामक संस्था देते, परीक्षेचे दोन भाग. संगणकावरचा भाग भारतातच देता येतो. दुसरा, ओस्की, ब्रिटनमध्ये जाऊन प्रत्यक्ष हाताने करून दाखवायचा असतो. हात धुतले का, स्वतःचं नाव सांगितलं का, मनगटावरची पट्टी पाहून रुग्णाचं नाव आणि ॲलर्जी विचारली का, हात लावण्याआधी परवानगी घेतली का, हे परीक्षक टिपत राहतात. सुई सफाईने टोचणारी नर्स रुग्णाला न विचारता टोचली म्हणून नापास होऊ शकते. व्हिसा आधी मिळतो आणि परवाना तिथे गेल्यावर, म्हणजे अमेरिकेच्या अगदी उलट. जोखीमही उलटीच. ओस्की ठरलेल्या संधींत पार पडली नाही तर नोकरी आणि व्हिसा दोन्ही धोक्यात.

जर्मनीत अडचण भाषेची. बी-२ पातळीचं जर्मन म्हणजे रात्रपाळीनंतर क्लासला बसून वर्ष-दीड वर्षाची मेहनत. त्यानंतर तिथलं राज्य तुमचा अभ्यासक्रम आपल्याशी ताडून उणिवा लेखी कळवतं, आणि त्या भरायला परीक्षा किंवा काही महिन्यांचं प्रशिक्षण. केरळने आपल्या नोर्का या सरकारी संस्थेमार्फत २०२१ मध्ये जर्मन सरकारशी करार केला. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यातही परिचारिका आहेत. तिथे नर्सला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे सगळं स्वतः करावं लागतं. बीएस्सी झालेल्या, आयसीयूत व्हेंटिलेटर सांभाळलेल्या मुलींना हे आधी कोणी सांगत नाही, आणि मग पहिल्या महिन्यात घरी रडत फोन येतात.

एजंटांबद्दल दोन गोष्टी कायद्यात स्पष्ट आहेत. परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो, आणि ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचा नंबर तपासता येतो. उमेदवाराकडून त्याला घेता येणारं शुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी, त्याहून एक रुपया जास्त नाही. आखातातल्या बहुतेक देशांसह अठरा देशांत परिचारिका पाठवायच्या तर २०१५ पासून ते काम सरकारी संस्थांमार्फतच व्हावं असा नियम आहे. पाच-सहा लाख मागणारा माणूस कितीही ओळखीचा असला तरी कायद्याबाहेरचा.

आणि अमेरिकाच गाठायची असेल तर क्रम असा ठेवावा: आधी नावाचे कागद, मग कॉलेज आणि कौन्सिलची पडताळणी, मग एनक्लेक्स, कारण तिचा निकाल शिळा होत नाही. मालक मिळाला की अर्ज लगेच दाखल करायचा, कारण रांगेतली जागा त्या तारखेवरून ठरते. आयईएलटीएस आणि व्हिसास्क्रीन मात्र तारीख जवळ येईपर्यंत थांबवायचे. हल्ली उलटं होतं. क्लासवाले सगळ्यांत आधी आयईएलटीएसला बसवतात, कारण तो वर्ग त्यांच्याकडेच असतो.